गोदामाच्या दारातलं भांडवल

शेतकरी उत्पादक कंपनीला पैसा लागतो तो एकदम लागतो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या राशी होतात आणि पुढचे पाच-सहा आठवडे मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्यावर भरलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो दिसतात. याच दिवसांत सभासदाच्या घरी दिवाळी असते, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं, मळणीयंत्रवाल्याचे आणि काढणीच्या मजुरांचे पैसे चुकते करायचे असतात. कंपनीला माल हवा असेल तर याच आठवड्यांत, हातात पैसे घेऊन उभं राहावं लागतं. जानेवारीत कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं, तर तोवर माल बाजार समितीतून तेलगिरणीत पोचलेला असतो.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या अशा काही कंपन्यांचे हिशेब आणि कर्जाचे प्रस्ताव करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. नवं तंत्रज्ञान उद्योजकाला भांडवल कसं मिळवून देतं, यावर शहरात बोललं जातं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे या कंपन्या येतात. गावातल्या चारपाचशे शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी हा उद्योजकतेचा सगळ्यात अवघड प्रकार आहे, असं माझं मत आहे. एकट्या उद्योजकाला स्वतःची मालमत्ता गहाण ठेवता येते, स्वतःचा निर्णय रात्रीतून बदलता येतो. इथे दोन्ही येत नाही.

वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींवरून कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ पासून अशा कंपन्या नोंदवता येऊ लागल्या. सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतो. शेअर कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला मत एकच. बाहेरच्या धनवंताने येऊन कंपनी ताब्यात घेऊ नये, म्हणून ही कुंपणं घातली आणि ती योग्यच आहेत. पण त्याच कुंपणामुळे बाहेरचं भागभांडवलही आत येत नाही. पाचशे सभासदांनी हजार-हजार रुपये भरले तर पाच लाख होतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत तेवढीच रक्कम अनुदान म्हणून मिळू शकते. म्हणजे झाले दहा लाख. क्विंटलला साडेचार हजार भाव धरला तर त्यात सव्वादोनशे क्विंटलच्या आतच माल येतो, दोन ट्रक. आणि प्रत्येक सभासदाचं दोनच एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल धरलं तरी माल होतो सहा हजार क्विंटल, किंमत दोन कोटी सत्तर लाख. या दोन आकड्यांमधली दरी भरायची कशाने? बँक तारण मागते. जमिनीचे सातबारे सभासदांच्या नावावर असतात. कंपनीच्या नावावर एक चाळणी-यंत्र, एक वजनकाटा आणि भाड्याची खोली.

या दरीवर जो पूल बांधला गेला, त्याचं नाव इलेक्ट्रॉनिक निगोशिएबल वेअरहाउस रिसीट. आमच्याकडे सगळे तिला नुसती ‘पावती’ म्हणतात. गोदामांचा कायदा २००७ चा, त्याखालचं नियामक प्राधिकरण २०१० चं, आणि पावती कागदावरून संगणकावर आली ती २०१७ मध्ये. माल नोंदणीकृत गोदामात येतो, तोलला जातो, त्याची प्रत तपासली जाते आणि वजन, प्रत, गोदाम, मुदत या तपशिलांसह ठेवीदाराच्या खात्यात नोंद होते. शेअर जसे डीमॅट खात्यात दिसतात तसं सोयाबीन दिसू लागतं. बँकेने कर्ज दिलं की त्या नोंदीवर तिचा बोजा चढतो. कर्ज फिटेपर्यंत ते पोतं हलवता येत नाही आणि त्याच पोत्यावर दुसरीकडे उचलही घेता येत नाही. किमतीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम हाती येते. तिच्यातून आणखी माल घ्यायचा, तोही ठेवायचा, त्यावरही उचल घ्यायची. दहा लाखांची कंपनी अशी एका हंगामात आपल्या भांडवलाच्या तिप्पट माल हाताळू शकते. शिवाय विकताना थप्पी जागची हलत नाही; इंदूरच्या खरेदीदाराला नोंद विकता येते, ट्रक तो त्याच्या सोयीने पाठवतो.

मालावर उचल ही कल्पना नवी नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते आणि ज्या समितीने ती मन लावून चालवली, तिथे शेतकऱ्याला तिचा खरा उपयोग झाला आहे. फरक असा की त्या योजनेत पैसा त्या समितीचा किंवा पणन मंडळाचा आणि माल त्याच समितीच्या आवारात. देणारा-घेणारा एकमेकांना ओळखतात. नव्या पावतीने अनोळखी माणसाचा पैसा आणला. औशाजवळच्या गोदामातल्या धान्यावर मुंबईतल्या कार्यालयात बसलेला अधिकारी कर्ज मंजूर करतो, ते धान्य कधीही न पाहता. मला यातली ताकद मोलाची वाटते. आणि नेमकी याच जागी मला सगळ्यात जास्त काळजीही वाटते.

कारण धान्य न पाहता पैसा देण्याचा एक प्रयोग आपण मुंबईतच पाहिला आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचा बाजार ३१ जुलै २०१३ रोजी बंद पडला तेव्हा सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. तिथे एकाच मालाचे दोन सौदे जोडीने होत: आज घ्यायचा आणि साधारण पंचवीस दिवसांनी विकायचा, मधला फरक हे उत्पन्न. गुंतवणूकदाराला साखर, भात, एरंडी यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ठरलेला परतावा दिसत होता. माल एक्स्चेंजच्या गोदामांत आहे, हे गृहीत होतं. तपास सुरू झाला तेव्हा अनेक ठिकाणी नोंदीप्रमाणे माल नव्हताच. त्या व्यवस्थेतलं संगणकाचं काम चोख होतं. सौदे क्षणात जुळत होते, रकमा वेळेवर फिरत होत्या, पडद्यावरचा प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्याशी मेळ खात होता. फक्त पडद्याच्या पलीकडच्या टोकाला, गोदामाच्या दारात, पोती मोजणारं कुणी नव्हतं, किंवा असलं तरी त्याने खरं सांगावं अशी कुणाची गरज नव्हती.

आजची पावती आणि ती व्यवस्था एक नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. आजच्या पावतीमागे स्वतंत्र कायदा आहे, गोदामाची नोंदणी, अनामत, विमा आणि तपासणी आहे. तरीही या प्रकारच्या प्रत्येक व्यवस्थेत एक जागा अशी असते, जिथे खरी वस्तू आकड्यात बदलते. त्या जागेच्या पुढे सगळं यंत्र सांभाळतं. त्या जागेवर मात्र एक माणूस उभा असतो. उद्योजकाने आपला जीव तिथे लावावा, असं मला मनापासून वाटतं, आणि बहुतेक जण नेमके तिथेच काटकसर करतात.

आमच्याकडे ती जागा म्हणजे मापाड्याची. सोयाबीनचा व्यवहार तीन शब्दांवर चालतो: हवा, माती, डाग. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. गिरणीचा भाव दहा हवा, दोन माती, दोन डाग या मालाचा. त्यापेक्षा जास्त असेल तितकी कपात. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के. २०२४ च्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस लांबला, भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली होते आणि केंद्रांवरून गाड्या परत जात होत्या. शेवटी नोव्हेंबरमध्ये केंद्राने त्या हंगामापुरती मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली. बारा आणि पंधरा यांच्यातल्या तीन टक्क्यांत किती घरांची दिवाळी अडकलेली असते, हे ज्याने मीटरचा आकडा स्थिर होण्याची वाट पाहत उभे राहिलेले चेहरे पाहिले आहेत त्याला समजतं.

मीटर मूठभर दाण्यांवर चालतो. ती मूठ पोत्याच्या तोंडातून घेतली की तळातून, सकाळच्या दवात घेतली की दुपारी, यावर आकडा बदलतो. म्हणून नमुना कोण घेतो, किती पोत्यांतून घेतो आणि कुणाच्या समोर घेतो, हे मीटर किती महागाचा आहे यापेक्षा महत्त्वाचं. मी ज्यांच्या हिशेबांत असतो त्यांतल्या एका कंपनीने साधी शिस्त लावली. नमुना सभासदासमोर घ्यायचा, तीनदा मोजायचा, तिन्ही आकडे आणि सरासरी वहीत लिहायची, सही घ्यायची, आणि वजनकाट्याच्या चिठ्ठीसह त्या पानाचा फोटो त्याच वेळी कंपनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. पहिल्या हंगामात गटावर रोज भांडणं झाली. ‘अण्णांची हवा अकरा आन् माझी तेरा कशी? बांधाला बांध हाये आमचा.’ मग मापाडी सांगायचा की अण्णांनी रास दोन दिवस उन्हात पसरली होती. पुढच्या वर्षी बऱ्याच जणांनी माल वाळवून आणला. आकडा सगळ्यांना दिसू लागला म्हणून वागणं बदललं. उपदेशाने हे झालं नसतं. आणि ती वही पाहून बँकेच्या तपासनिसाने जे प्रश्न विचारले, ते आधीच्या वर्षांपेक्षा फार कमी होते.

समन्वयाचं कामही याच साध्या साधनांनी होतं. कुणाची मळणी कधी, कुणाकडे टेम्पो रिकामा, बारदाना किती उरला, हे सगळं त्या गटावर ठरतं. पैसे त्याच संध्याकाळी खात्यात जातात. खात्यातून गेलेला प्रत्येक पैसा नोंद मागे ठेवतो, आणि जिने पूर्वी कधी कर्ज घेतलं नाही अशा कंपनीची पहिली ओळख बँकेला त्या नोंदींतूनच होते. याबद्दल आणखी फार सांगण्यासारखं नाही. हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

अडत्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. नव्या व्यवस्थेची ओळख करून देणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात त्याला खलनायक केलं जातं. तो कपात जास्त लावतो, हे खरं आहे. पण घरात कुणी आजारी पडलं तर रात्री अकरा वाजता पैसे देणारा तोच असतो. पुढच्या मोसमाच्या बियाण्याला, मुलीच्या लग्नाला तो उचल देतो. कागद मागत नाही, कारण या घराचं पीक, वागणूक, भाऊबंदकी सगळं त्याला तोंडपाठ असतं. भांडवल जमवणं आणि माल एकत्र करणं ही दोन्ही कामं तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. पावतीवरचं कर्ज त्याच्या व्याजापेक्षा कितीतरी स्वस्त, पण त्याला केवायसी लागतं, खातं लागतं, काही दिवस लागतात. मी पाहिलेल्या ज्या कंपन्या टिकल्या, त्यांनी सभासदाला अडीअडचणीला हजार-दोन हजार ताबडतोब देता येतील असा लहानसा निधी बाजूला ठेवला. त्याचं कोष्टक कुठल्याही प्रस्तावात शोभून दिसत नाही. पण त्या निधीमुळेच माल त्यांच्या काट्यावर आला.

आता भावाची गोष्ट. माल थांबवला की भाव मिळतो, हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं आहे की लोक ते नियमासारखं धरतात. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने दहा हजारांचा आकडा ओलांडला. त्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आले. पण दहा हजार हा आकडा मनात बसला. पुढची काही वर्षं लोकांनी तो परत येईल म्हणून घरात, गोदामात माल ठेवला आणि भाव वर्षागणिक उतरत गेला. गोदामभाडं, व्याज, विमा यांचं मीटर मात्र चालूच राहतं. भाव एका मर्यादेखाली गेला की बँकेकडून निरोप येतो: तारणाची किंमत कमी झाली, फरकाची रक्कम भरा किंवा माल विका. म्हणजे भाव सगळ्यात पडलेला असतानाच विकायची पाळी.

अशा एका मंदीच्या वर्षी कंपनीच्या सभेत एक वयस्कर सभासद उभे राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. बोलायला उभे राहणारे ते नव्हेत. ते म्हणाले, ‘साहेब, पोतं माझं, पावती कंपनीची, कर्ज बँकेचं. मग पडलेला भाव कुणाचा?’

सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. हा प्रश्न कुठल्याही ॲपमध्ये भरायच्या रकान्यात नसतो. कंपनीने माल विकत घेऊन आपल्या नावावर पावती केली असेल तर घट कंपनीची, म्हणजे पाच लाखांच्या भागभांडवलाची, म्हणजे शेवटी माल न दिलेल्या सभासदांचीही. सभासदाने स्वतःच्या नावावर ठेव केली असेल तर घट त्याची, पण त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं. ‘कंपनी आपली आहे, ती बघेल’ या विश्वासावर त्याने सही केलेली असते. पैसा गोळा करणं तंत्रज्ञानाने सोपं केलं. नुकसान कुणी सोसायचं हे ठरवण्याचं काम मात्र त्याने तसूभर हलकं केलं नाही, उलट घाईचं केलं, कारण पूर्वी पैसाच मिळत नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

याला बाजारातलं एक उत्तर होतं. माल गोदामात ठेवतानाच वायदे बाजारात विक्रीचा भाव पक्का करायचा, म्हणजे पुढे पडझड झाली तरी धक्का कमी. पावती, कर्ज आणि वायदा या तीन पायांवर ही रचना उभी राहायची होती. राज्यातल्या काही उत्पादक कंपन्यांनी तो मार्ग वापरून पाहायला सुरुवातही केली होती. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले आणि ती मुदत पुढे वारंवार वाढवली. महागाईच्या भीतीपोटी हा निर्णय झाला. सट्टेबाजाला त्यामुळे किती लगाम बसला हा वाद चालू राहील; आमच्या कंपन्यांचा तिसरा पाय मात्र त्या दिवशी काढून घेतला गेला आणि मला त्याचा आजही राग आहे. कर्ज घेऊन माल ठेवायला सांगायचं आणि भावाचं संरक्षण घ्यायची वाट बंद करायची, हे दोन्ही एकाच वेळी न्याय्य असू शकत नाही.

नाशिकच्या द्राक्षांकडे पाहिलं की कळतं, दारातल्या नोंदीला वेळ दिला तर पुढे काय होऊ शकतं. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, तेव्हा निर्यातीचा पायाच हादरला. त्यानंतर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या प्रणालीने प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेतल्या तपासण्या आणि पेटीपर्यंतचा माग अशी साखळी उभी केली. विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली मोहाडीत उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी अशाच नोंदींच्या जगात वाढली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्या काढणीपश्चात प्रक्रियेच्या कंपनीत ३१० कोटी रुपये गुंतवले. पैसा त्या उपकंपनीत आला, कारण उत्पादक कंपनीत तो येऊच शकत नाही. बाहेरचं भांडवल घ्यायचं आणि शेतकऱ्यांचा ताबाही सोडायचा नाही, यासाठी केलेली ही रचना विचारपूर्वक आहे. पण द्राक्षाला निर्यातीचा भाव असतो. सोयाबीनच्या कंपनीकडे तेवढं अंतर कापायला लागणारा नफा नाही, आणि सह्याद्रीचं उदाहरण देऊन तिला लाजवणं मला पटत नाही.

त्यापेक्षा मला गुजरातचं जुनं उदाहरण जवळचं वाटतं. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी तिथल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. तेव्हा ना मोबाइल होता, ना ऑनलाइन खातं. पण गावोगावच्या संकलन केंद्रावर दररोज दूध मोजलं जात होतं, स्निग्धता तपासली जात होती आणि पैसे वेळेवर हातात पडत होते. ज्या खिडकीत आपलं माप रोज नीट होतं, त्या खिडकीने दोन रुपये मागितले तर माणूस देतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने या पावतीवरच्या कर्जांसाठी एक हजार कोटींचा पत हमी निधी जाहीर केला. कर्ज बुडालं तर बँकेचं बरंचसं नुकसान त्यातून भरून निघेल, त्यामुळे लहान कंपन्यांना बँका दारात उभं करतील अशी आशा आहे. ते चांगलंच आहे. पण ती हमी बँकेला आहे. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही, आणि ते दिल्लीहून येईल असंही मला वाटत नाही.

त्या सभेने ते उत्तर स्वतःपुरतं शोधलं. वादावादी बरीच झाली, दोन संचालक उठून गेले आणि परत आले. शेवटी ठरलं ते असं: माल देताना सभासदाने तिथेच सांगायचं, विकतो की ठेवतो. विकला तर त्या दिवसाचा भाव आणि विषय संपला. ठेवला तर पावती त्याच्याच नावावर, घट-वाढ त्याची, आणि सगळा माल ठेवायचा नाही. भाव दहा टक्के उतरला की कंपनीने फोन करायचाच, उत्तर काय मिळालं ते वहीत लिहायचं. कंपनीने स्वतःच्या नावावर ठेवायच्या मालाला भागभांडवलाच्या प्रमाणात मर्यादा घातली. नव्या ॲपचा प्रस्तावही त्या दिवशी समोर होता. तो पुढे ढकलून दुसऱ्या मापाड्याचा पगार मंजूर झाला. त्या हंगामात तात्यांनी निम्मा माल काट्यावरच विकला, निम्मा स्वतःच्या नावाने ठेवला. हरभऱ्याची पेरणी विकलेल्या मालावर झाली आणि उरलेल्या पोत्यांसाठी ते रोज सकाळी फोनवर लातूरचा भाव बघू लागले.